ओझर परिसरातील विम्लधर्मी काळी चिकणमाती : स्वरूप, गुणधर्म आणि गवताळ रानाचे स्थान

प्रस्तावना :

नाशिक शहराच्या ईशान्येस मुंबई-आग्रा महामार्गावर वसलेले ओझर हे निफाड तालुक्यातील बाणगंगा नदीकाठचे ठिकाण होय. विमाननिर्मितीचा कारखाना आणि द्राक्षबागा यांमुळे ते सर्वपरिचित आहे. या दोन्हींपेक्षा पुरातन असलेल्या तेथील काळ्या मातीकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी जाते. सह्याद्रीच्या माथ्यावरील इगतपुरी येथे वर्षाकाठी सुमारे ३,००० मि.मी. पाऊस पडतो. तेथून पूर्वेकडे येताना त्याचे प्रमाण झपाट्याने घटते आणि निफाड तालुका पर्जन्यछायेच्या निमशुष्क पट्ट्यात मोडतो. या पट्ट्यातील खोल काळी जमीन सर्वसाधारणपणे विम्लधर्मी, म्हणजे ७ पेक्षा अधिक सामू असलेली आढळते. तथापि, केवळ सामू पाहून जमिनीची प्रत ठरविणे दिशाभूल करणारे ठरते. जमीन किती विम्लधर्मी आहे, यापेक्षा ती कॅल्शियममुळे विम्लधर्मी आहे की सोडियममुळे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात या भेदाच्या आधारे सदर मातीच्या गुणधर्मांचे आणि त्यांच्या जपणुकीतील गवताळ रानाच्या कार्याचे विवेचन केले आहे.

मातीचा उगम :

दख्खनचे पठार सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या बेसाल्ट खडकाचे आहे. या खडकात कॅल्शियम व मॅग्नेशियम विपुल असून फेल्डस्पार गटातील खनिजांमधून सोडियमही उपलब्ध होतो. खडक एकच असला तरी हवामानानुसार त्यापासून भिन्न प्रकारची माती तयार होते. कोकणात आणि महाबळेश्वरसारख्या अतिपर्जन्याच्या प्रदेशात हे क्षार पाण्याबरोबर वाहून गेले आणि आम्लधर्मी तांबडी जांभ्याची माती उरली. पठारावर पाऊस कमी असल्याने क्षार जमिनीतच राहिले व त्यांच्या सान्निध्यात स्मेक्टाइट गटातील फुगणारी चिकणमाती निर्माण झाली.

भूरचनेनुसारही मातीत फरक पडतो. टेकड्यांच्या माथ्यावर उथळ, मुरमाड जमीन असते; उतारावर मध्यम खोलीची, तर नदीकाठच्या सखल भागात खोल काळी जमीन आढळते. वरच्या भागातून झिजलेले बारीक कण आणि विरघळलेले क्षार हे दोन्ही सखल भागात येऊन साचतात. म्हणूनच सर्वांत कसदार मानली जाणारी जमीन हीच विम्लतेच्या दृष्टीने सर्वाधिक जोखमीची असते. या मातीचा काळा रंग विपुल सेंद्रिय द्रव्याचा निदर्शक आहे, असा समज सार्वत्रिक आहे. परंतु तो खरा नाही. सेंद्रिय कर्बाचे प्रमाण १ टक्क्याहून कमी असतानाही ही माती काळी दिसते, कारण अल्पसे सेंद्रिय द्रव्य चिकणमातीच्या कणांशी घट्ट निगडित झालेले असते.

भौतिक गुणधर्म :

खोल काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण बहुधा ४० ते ६० टक्के असते. स्मेक्टाइटच्या सूक्ष्म थरांमध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि ते निघून गेले की आकसते. उन्हाळ्यात पडणाऱ्या खोल भेगा हे या क्रियेचे दृश्य रूप होय. भेगांमध्ये पृष्ठभागावरील माती पडते, पावसाळ्यात खालची माती फुगून वर सरकते आणि अशा रीतीने जमीन स्वतःच स्वतःची मशागत करते. खड्डा खणला असता खालच्या थरात परस्परांवर घासून गुळगुळीत झालेले तिरके पृष्ठभाग दिसतात, ते याच हालचालीची खूण होत.

पाण्याशी या मातीचे नाते दुहेरी असते. पहिल्या पावसाचे पाणी भेगांतून वेगाने खोलवर जाते. भेगा बुजल्यानंतर मात्र मुरण्याचा वेग अत्यंत मंदावतो. माती पाणी भरपूर धरून ठेवते, परंतु त्यातील मोठा हिस्सा ती इतक्या घट्टपणे धरते की मुळांना तो शोषून घेता येत नाही. त्यामुळे जमीन हाताला ओलसर लागत असतानाही पीक कोमेजलेले दिसू शकते. वाफसा अल्पकाळ टिकतो : ओली असताना माती अवजाराला चिकटते आणि वाळल्यावर तिची ढेकळे फुटता फुटत नाहीत.

रासायनिक गुणधर्म – कॅल्शियम व सोडियम :

या मातीत चुनखडी बारीक भुकटीच्या आणि खड्यांच्या रूपात आढळते. चुनखडीशी समतोल साधलेल्या जमिनीचा सामू साधारणतः ८.२ ते ८.४ च्या आसपास स्थिरावतो. अशा जमिनीत चिकणमातीच्या कणांभोवती कॅल्शियमचे प्राबल्य असते. कॅल्शियम कणांना एकत्र बांधून ठेवतो आणि जमीन रवाळ राहते. लोह, जस्त व स्फुरद यांची उपलब्धता कमी होणे हा अशा जमिनीचा दोष आहे. द्राक्षवेलीची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहणे, हे लोहाच्या कमतरतेचे नेहमीचे लक्षण आहे. हा दोष असला तरी जमिनीची घडण शाबूत असते.

सोडियमचे प्राबल्य झाल्यास चित्र पालटते. सोडियम कणांना एकत्र धरू शकत नाही. पाणी मिळताच कण सुटे होतात आणि त्यांनी मातीतील सूक्ष्म पोकळ्या बुजतात. पाणी व हवा यांचे वहन खुंटते. सामू ८.५ च्या वर जातो. शेतकरी अशा जमिनीस ‘चोपण’ म्हणतात. पांढरा क्षार वर येणारी ‘खारवट’ जमीन ही याहून वेगळी. खारवट जमिनीत विद्राव्य क्षार अधिक असतात आणि निचरा केल्यास ते धुऊन काढता येतात. चोपण जमीन मात्र केवळ पाण्याने धुतल्यास अधिकच बिघडते. प्रथम कणांवरील सोडियमच्या जागी कॅल्शियम आणावा लागतो व त्यासाठी जिप्समचा वापर केला जातो.

अमेरिकेतील क्षारता प्रयोगशाळेने १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निकषांनुसार विद्युत वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरहून अधिक असल्यास जमीन खारवट, तर विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांहून अधिक असल्यास चोपण मानली जाते. ऑस्ट्रेलियात हीच सोडियमची मर्यादा ६ टक्के धरली जाते. विदर्भातील पूर्णा खोऱ्यात नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास या संदर्भात उद्बोधक आहे. फुगणाऱ्या काळ्या मातीत सोडियम १५ टक्क्यांच्या पुष्कळ खाली असतानाही पाण्याचे वहन मंदावते, असे त्यातून दिसून आले. निमशुष्क हवामानात बाष्पीभवनामुळे कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने खाली बसतो आणि द्रावणात सोडियमचे सापेक्ष प्रमाण वाढते. ही क्रिया प्रामुख्याने खालच्या थरात घडते. अर्थात, वरचा थर निर्दोष दिसत असतानाच खालची जमीन चोपण होत असण्याची शक्यता असते.

गवताळ रानाचे कार्य :

गायरान व माळ यांची गणना ‘पडीक’ या एकाच शब्दाखाली करण्याची प्रथा आहे. मृदाशास्त्राच्या दृष्टीने ती सयुक्तिक नाही. मारवेल, पवन्या, कुसळी यांसारख्या गवतांची तंतुमय मुळे मातीचे कण बांधून ठेवतात. मुळांच्या श्वसनातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड जमिनीतील ओलाव्यात मिसळून सौम्य आम्ल बनते. हे आम्ल चुनखडीचा अंश विरघळविते आणि त्यातून मोकळा झालेला कॅल्शियम सोडियमला कणांवरून हटवितो. जिप्सम बाहेरून आणून जे कार्य करावे लागते, तेच कार्य जिवंत मुळे जमिनीतल्याच चुनखडीच्या साहाय्याने संथपणे करीत असतात. चोपण जमिनीच्या सुधारणेत धैंच्यासारख्या हिरवळीच्या खतास स्थान मिळाले, त्यामागे हेही एक कारण आहे.

मात्र चराई अनिर्बंध झाल्यास हे चक्र तुटते. विशेषतः भर पावसाळ्यात ओल्या चिकणमातीवर जनावरांच्या खुरांचा दाब पडल्यास पोकळ्या दबतात व वरचा थर घट्ट होतो. बहुवर्षायु गवते मागे हटतात, हंगामी कुसळी व वेडी बाभूळ फोफावते, उघड्या जमिनीवरून बाष्पीभवन वाढते आणि क्षार वर येऊ लागतात. गवत पूर्ण वाढू देऊन ते कापून नेणे, अथवा कुरणाचे भाग पाडून आळीपाळीने चराई करणे, ही पद्धत अशा जमिनीस मानवते.

सिंचनाचा अनुभव :

काळ्या जमिनीवर निचऱ्याविना पाणी आणल्यास काय घडते, याचा धडा महाराष्ट्राने फार पूर्वी घेतला आहे. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे तत्कालीन प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी ताम्हणे यांच्यासमवेत नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींवरील अहवाल १९१० मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे कालव्याचे पाणी आल्यानंतर अवघ्या २५ वर्षांत हा प्रश्न अभ्यासाचा विषय बनला होता.

ओझरचा अनुभव या पार्श्वभूमीवर पाहण्याजोगा आहे. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या कालव्याचे शेवटचे टोक या परिसरात येते. टोकाकडील शेतांस पाणी पोहोचत नसल्याने बापू उपाध्ये व भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राच्या प्रेरणेने १९९० च्या दशकाच्या आरंभी येथे पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पुढे २००५ मध्ये सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याविषयीचा अधिनियम राज्यात संमत झाला. या चळवळीचा विचार बहुधा समन्यायी पाणीवाटपाच्या अंगाने होतो. मृदेच्या अंगानेही तिचे महत्त्व आहे, कारण मोजून घेतलेले पाणी हे जमीन चिबड होण्यास घातलेले पहिले बंधन असते.

ठिबक सिंचनाने हा धोका आणखी कमी होतो. तथापि त्यातून नवा प्रश्न उद्भवतो. ठिबकमुळे ओल्या भागाच्या कडेला क्षार एकवटतात. विहीर वा कूपनलिकेच्या पाण्यात बायकार्बोनेट अधिक असल्यास ते जमिनीतील कॅल्शियमचा चुनखडीच्या रूपात साका करते व सोडियमला वाट मोकळी होते. त्यामुळे माती परीक्षणाइतकेच पाणी परीक्षणही अगत्याचे ठरते.

परीक्षणाची दिशा :

प्रचलित परीक्षणात मातीचा नमुना बहुधा वरच्या थरातून घेतला जातो. वरील विवेचन पाहता खोल काळ्या जमिनीत, विशेषतः फळबाग लावण्यापूर्वी, सुमारे १ मीटर खोलीपर्यंतचे थरवार नमुने घेणे इष्ट होय. सामू व विद्युत वाहकता यांच्या जोडीला विनिमयक्षम सोडियम, चुनखडीचे प्रमाण आणि पाणी वहनाचा वेग यांची नोंद असावी.

महाविद्यालयीन स्तरावर सहज करता येणाऱ्या दोन चाचण्या येथे नमूद करणे योग्य ठरेल. मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकल्यास येणारा फेस चुनखडीचे अस्तित्व दर्शवितो. दुसरी चाचणी ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ इमर्सन यांच्या १९६७ मधील वर्गीकरणावर आधारित आहे. वाळलेले लहान ढेकूळ ऊर्ध्वपातित पाण्यात न हलवता ठेवावे. ते फुटून तुकडे झाले, परंतु पाणी नितळ राहिले, तर कण अद्याप बांधलेले आहेत असे समजावे. ढेकळाभोवती दुधाळ गढूळपणा पसरल्यास सोडियमचा प्रभाव संभवतो. गायरान, कोरडवाहू शेत आणि द्राक्षबाग अशा तीन ठिकाणचे थरवार नमुने घेऊन ही चाचणी केल्यास भूगोल, रसायनशास्त्र व वनस्पतिशास्त्र या विभागांना एकत्रित प्रकल्प हाती घेता येईल.

समारोप :

ओझर परिसरातील काळ्या मातीची विम्लता हा मुळात दोष नव्हे. ती बेसाल्ट खडक व निमशुष्क हवामान यांची स्वाभाविक परिणती आहे. कॅल्शियमचे प्राबल्य आहे तोवर हीच माती समृद्धीचा आधार ठरते. सोडियमचे प्राबल्य वाढू लागल्यावर होणारी हानी खालच्या थरातून सुरू होते आणि पृष्ठभागावर दिसेपर्यंत तिची दुरुस्ती खर्चिक झालेली असते. अशा स्थितीत उरलेली गवताळ राने ही केवळ चराईची साधने नसून मूळ मातीचे तुलनेसाठी उपलब्ध असलेले नमुने आहेत. सार्वजनिक गावजमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात दिले होते. त्या निर्णयाचे सामाजिक मोल सर्वज्ञात आहे. गायरान नांगरले वा खणून काढले गेल्यास शेजारच्या बागेतील मातीत काय बदल झाला, हे मोजण्याचा आधारच नाहीसा होतो. म्हणून प्रत्येक गावातील गायरानाचा काही भाग राखून तेथील मातीची नियमित नोंद ठेवणे, हे जमिनीच्या आरोग्याच्या दृष्टीने आवश्यक ठरते.