गोष्ट वाट बघते

'स्टाइन्स गेट' नावाची एक जपानी कथा आहे. २००९ साली आलेली. ती वाचता वाचता पडद्यावर नायकाचा मोबाईल वाजतो. कथेतल्या मैत्रिणीचा निरोप आलेला असतो. तो उघडायचा की तसाच राहू द्यायचा, हे वाचकानं ठरवायचं. 'आता तुम्ही निवड करा' अशी पाटी कुठंही लागत नाही. निरोप उघडला नाही तरी कथा पुढं जाते, गप्पा होतात, रात्र होते. आणि पुढं केव्हातरी अचानक लक्षात येतं की तो निरोप न उघडल्याचा हिशोब कथेनं ठेवलेला होता!

असल्या कथांना व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतात. संगणकावर किंवा मोबाईलवर वाचायची कादंबरी. मागं एक देखावा, म्हणजे वर्ग, नाही तर पावसातला रस्ता, नाही तर स्टेशन. त्याच्यापुढं कमरेपर्यंत दिसणारं पात्र, खाली चौकटीत त्याचं बोलणं आणि सोबत संगीत. बोट टेकवलं की पुढचं वाक्य येतं. नाही टेकवलं, तर पात्र तसंच उभं राहतं, पाऊस पडत राहतो. तुम्ही गुरांना वैरण टाकून आलात तरी गोष्ट तिथंच. मला या माध्यमाचं पहिलं अप्रूप वाटलं ते या थांबण्याचंच. सिनेमा पुढं पळतो आणि पुस्तक गप्प असतं. हे तिसरंच काही आहे.

दुसरं अप्रूप हिशोबाचं. समजा लेखकानं कथेत दहा ठिकाणी दोन-दोन पर्याय ठेवले आणि प्रत्येक पर्यायाला खरोखर वेगळी वाट दिली. मग शेवटी १,०२४ वेगवेगळ्या कथा होतात. एवढं लिहायला कुणाचा जन्म पुरायचा? म्हणून हे लेखक एक युक्ती करतात. वाट फुटते, चार पानं वेगळी चालते आणि गुपचूप मूळ रस्त्याला येऊन मिळते. फक्त आतल्या एका वहीत नोंद राहते: या वाचकानं तिला उत्तर दिलं, त्यानं दिलं नाही. कित्येक प्रसंगांनंतर कथा ती वही उघडते आणि त्या एका नोंदीवरून कुणाचा जीव वाचवायचा ते ठरवते. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ज्यांनी वाचली आहे, त्यांना ही जादू लगेच उमजेल. तिथं पानिपतचा निकाल फिरतो आणि एक प्राध्यापक त्या फिरलेल्या इतिहासात जाऊन पडतो. इथं त्या प्राध्यापकाच्या जागी वाचक असतो. शेवट पटला नाही तर जतन केलेल्या ठिकाणी मागं येऊन दुसरी वाट धरायचीही मुभा त्याला असते. वाचून झालेला भाग भराभर पळवायची सोय असते, त्यामुळं दुसऱ्या फेरीत फक्त नवं तेवढंच वाचायला मिळतं. काही कथा तर खरा शेवट कुलूपबंद ठेवतात. बाकीचे शेवट वाचल्याशिवाय तो दिसतच नाही.

हे सगळं जपानचं, आपल्याला कुठलं, असं कुणी म्हणेल. पण मराठवाड्यातल्या सास्तूर गावातून निघून, उमरग्यावरून हैदराबादच्या रस्त्याला लागून कर्नाटकात शिरलं की बसवकल्याण येतं. ही कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. बाराव्या शतकात तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजानं 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात हत्ती, रत्नं, स्वयंपाक, संगीत असं राजाच्या आवडीचं सगळं आहे, आणि चित्रं दाखवत कथा सांगणाऱ्याचा उल्लेखही आहे. सास्तूरच्या इतक्या जवळ, नऊशे वर्षांपूर्वी, चित्र आणि गोष्ट एकत्र सांगणाऱ्या माणसाची नोंद झाली होती.

ही कला महाराष्ट्रात टिकली ती कोकणात, कुडाळजवळच्या पिंगुळीत. तिथल्या ठाकर समाजाच्या चित्रकथी कलावंतांकडं चित्रांच्या पोथ्या असतात. हातकागदावर रंगवलेली चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, एका पोथीत रामायण-महाभारतातलं एक आख्यान. सांगणारा चित्र उभं धरतो, वीणा-टाळाच्या साथीत प्रसंग गातो, मग पुढचं चित्र लावतो. परशुराम गंगावणे यांना याच परंपरेच्या कामासाठी २०२१ सालची पद्मश्री जाहीर झाली. मोजक्या चित्रांवर लांबलचक आख्यान रंगवायचं, हे गणित व्हिज्युअल नॉव्हेलवाल्यांचंही तेच आहे. एक देखावा, एका पात्राचे चार-पाच चेहरे, एवढ्यावर शंभर प्रसंग निघतात. बाकीचं काम आवाज आणि शब्द करतात. १९९४ साली जपानात 'कामाइताची नो योरू' नावाची खुनाची कथा आली. बर्फात अडकलेलं एक लॉज, आणि सगळी पात्रं फक्त निळ्या सावल्या. चेहरे वाचकानंच मनात काढायचे. पिंगुळीतच चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळही चालतो, हे आठवलं की मला गंमत वाटते.

फरक एका ठिकाणी आहे, आणि तो मोठा आहे. समोर बसलेला कथेकरी माणसं पाहून सांगतो. पेंगणारी पोरं दिसली की युद्ध लवकर आणतो, बायांचे डोळे भरले की तिथं रेंगाळतो. आपल्याकडचा गोंधळी, कीर्तनकार तेच करत आला आहे. यंत्राला वाचकाचा चेहरा दिसत नाही. तो लग्नघरातून आलाय की स्मशानातून, यंत्राला काय ठाऊक? म्हणून व्हिज्युअल नॉव्हेल कुणाच्या हाती कुठली द्यायची, हे काम माणसानंच करायचं. मला ते फार आवडतं.

सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास ज्यांनी रात्र रात्र जागून वाचला, त्यांचा प्रश्न सोपा आहे. त्यांना 'एस अटर्नी' द्यावी. शू ताकुमी या लेखक-दिग्दर्शकाची ही मालिका २००१ साली सुरू झाली. तुम्ही नवखे वकील. साक्षीदार बोलतो, त्याचं एकेक वाक्य तुमच्यासमोर थांबतं. कुठल्या वाक्यावर हरकत घ्यायची आणि कुठला पुरावा पुढं करायचा, ते तुम्ही शोधायचं. घाईनं चुकीचा पुरावा दाखवला की न्यायाधीश झापतात. खोटं बोलणाऱ्याचा चेहरा हळूहळू घामेजतो, आणि नेमकं वाक्य पकडलं की जो आरडाओरडा होतो, त्याची मजा घरात एकट्यानं वाचतानाही येते. या कथेतल्या न्यायालयात खटला तीन दिवसांत निकाली निघतो. आपल्याकडच्या तारखा पाहिलेल्या माणसाला कथेतला हाच भाग सगळ्यात काल्पनिक वाटेल.

भयकथाकार नारायण धारपांच्या वाचकाचं मात्र जपून. त्याला मी 'हिगुराशी' सुचवतो, आणि ती या माध्यमातल्या माझ्या सर्वांत आवडत्या कथांपैकी आहे. र्युकिशी०७ या टोपणनावाच्या लेखकानं २००२ पासून तिचे आठ भाग हौशी मंडळींच्या जत्रेवजा बाजारात विकले. चित्रंही त्याचीच, आणि ती कच्ची आहेत, हाताची बोटं धड काढता आलेली नाहीत. पण एकदा त्या गावात शिरलं की बोटांकडं कोण बघतो! हिनामिझावा हे डोंगरातलं खेडं. धरणात बुडणार होतं, गावकऱ्यांनी लढून वाचवलं. आणि आता दर वर्षी ग्रामदेवतेच्या उत्सवाच्या रात्री कुणीतरी मरतं, कुणीतरी नाहीसं होतं. सुरुवातीला पोरांचे पत्त्यांचे डाव, शाळेतली थट्टामस्करी, रातकिड्यांसारखा घुमणारा सिकाडा या कीटकांचा आवाज. तासन् तास काहीच घडत नाही, आणि तेच लेखकाचं हत्यार आहे. मग एका साध्या संभाषणात मैत्रीण एक वाक्य वेगळ्याच आवाजात बोलते आणि अंगावर काटा येतो. पहिला भाग संपतो, दुसरा सुरू होतो, तर पुन्हा तोच १९८३ चा जून, तीच माणसं, आणि शोकांतिका मात्र वेगळी. मूळ कथेत वाचकाला एकही पर्याय नाही. चार भाग प्रश्नांचे, चार उत्तरांचे. निवड नसली तरी वाचक स्वस्थ बसत नाही, तो वहीत टिपणं काढू लागतो.

जपून म्हणालो ते एवढ्यासाठी की त्या कथेत उत्सवानंतर एका अख्ख्या गावावर अरिष्ट येतं. सास्तूरला ही कथा नुसती भयकथा म्हणून वाचता येईल का, मला शंका आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर पट्टा भूकंपानं हादरला, तेव्हा लोक गणपती विसर्जन करून झोपलेले होते. माळवदाची जड घरं झोपेतल्या माणसांवर आली. पुढं नव्या जागी, सरळ रस्त्यांच्या आखणीत गावं वसली, आणि आज मोबाईल हातात असलेली पोरं त्या नव्या गावात जन्मली. त्यांनी 'हिगुराशी' खुशाल वाचावी. त्यांच्या आजोबांच्या हाती ती देण्याआधी मी दहादा विचार करीन. त्यांना वाचायचीच असेल तर तो त्यांचा हक्क, फक्त आत काय आहे ते आधी सांगायला हवं.

मोकळं रडायचं असेल तर 'प्लॅनेटेरियन' आहे. २००४ ची, एका दुपारी संपणारी. युद्धानं ओसाड झालेलं शहर, न थांबणारा पाऊस, आणि एका दुकानाच्या गच्चीवरच्या तारांगणात तीस वर्षं प्रेक्षकाची वाट बघणारी एक यंत्रमुलगी. भंगार शोधणारा एक माणूस आडोशाला येतो. ती आनंदानं सांगते की तुम्ही आमचे पंचवीस लाखावे पाहुणे! आकडा खरं तर थोडा कमीच भरतो, पण माणसं यायची थांबली आहेत हे तिला मान्य नाही, म्हणून ती सोहळा उरकून घेते. याही कथेत निवड नाही. पण शेवट जवळ आल्याचं कळतं तेव्हा बोट आपोआप थबकतं, कारण पुढचं वाक्य आणणारे आपणच असतो. छापील पानावर हे मी कधी अनुभवलेलं नाही.

याच धाटणीची, पण अवाढव्य, 'क्लॅनाड'. तीही २००४ ची. शाळा, मैत्री, मग संसार, बाप-लेक. सुट्ट्या असतील तरच हात घाला.

दिवसभर राबून आलेल्या माणसाला यातलं काहीच देऊ नये. त्याला 'कॉफी टॉक' द्यावी. इंडोनेशियातल्या टोगे प्रॉडक्शन्सनं २०२० साली केलेली. रात्री उघडं असणारं छोटं दुकान, बाहेर पाऊस, आणि तुम्ही गल्ल्यामागं. गिऱ्हाईकं येतात, आपापली गाऱ्हाणी सांगतात. बोलण्यात पर्याय नाहीत, पर्याय पेल्यात आहेत. चहा की कॉफी की दूध, त्यात आलं की दालचिनी की मध. गिऱ्हाईकाला नेमकं हवं ते दिलंत तर त्याची कथा वेगळी वळते. आल्याचा चहा करून कुणाचं भांडण मिटवायचं, हे आपल्याकडच्या टपरीवाल्याला वेगळं शिकवायला नको.

पोरं परदेशी गेलेल्या घरांसाठी 'वेण्बा' आहे, २०२३ ची. कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबाची ही गोष्ट आईच्या फाटक्या पाककृतींच्या वहीवर चालते. पुसलेल्या ओळी अंदाजानं भरून इडली करायची. हिला व्हिज्युअल नॉव्हेल म्हणावं की स्वयंपाकाचा खेळ, यावर वाद घालणाऱ्यांना घालू द्या. न्यू जर्सीतल्या मराठी घरात ती चपखल बसेल.

आणि एक सावधगिरी. 'डोकी डोकी लिटरेचर क्लब' ही २०१७ ची कथा फुकट मिळते, त्यामुळं पोरांच्या हाती सहज पडते. वरवर गोड आहे: शाळेचं साहित्य मंडळ, चार मुली, आणि शब्द निवडून कविता करायची. जिच्या आवडीचे शब्द जास्त, तिचा ओढा तुमच्याकडं. पण आत आत्महत्या आहे, आणि ती कथा वाचकाच्या संगणकाशीच खेळू लागते. रचना म्हणून ती थक्क करते. ज्याचं मन आधीच खचलेलं आहे त्याला मात्र ती अजिबात देऊ नये. सुरुवातीला इशारा येतो, तो मनापासून दिलेला आहे.

अडचण भाषेची. यातलं मराठीत काही नाही, इंग्रजीवरच भागवावं लागतं. पण दहावी झालेल्या मुलाला इंग्रजी वाचनाची सवय लावायला हे माध्यम फार चांगलं, कारण वाक्य एकेक करून येतं आणि शब्द अडला तर कथा थांबून राहते. चेहरा आणि संगीत अर्धा अर्थ सांगून टाकतात. सुरुवात 'एस अटर्नी'पासून करावी, तिची पहिली तीन पर्वं मोबाईलवर मिळतात.

मराठीत का नाही, याचं एक कारण अक्षरांचंही होतं. रेनपाय नावाचं एक मोफत साधन २००४ पासून आहे. 'डोकी डोकी' त्याच्यावरच झाली. त्यात लिहिणं सोपं: पात्राचं नाव, पुढं अवतरणात त्याचं वाक्य, खाली पर्याय, आणि प्रत्येक पर्यायापुढं कुठल्या प्रसंगावर उडी मारायची ते. पण पूर्वी देवनागरी टाकली की ऱ्हस्व वेलांटी भलत्याच जागी जायची, जोडाक्षरं फुटायची. अलीकडच्या आवृत्त्यांत अक्षरजुळणीसाठी हार्फबझ हे तंत्र आलं आहे आणि रफार, वेलांट्या जागच्या जागी बसतात. म्हणजे सास्तूरजवळच्या माकणीच्या धरणाचा काठ, एसटी स्टँड आणि शाळेचा व्हरांडा असे तीन फोटो काढायचे, दोन पात्रं, त्यांचे राग-लोभाचे चार चेहरे, आणि एकच निवड: रात्री आलेला फोन उचलायचा की नाही. तेवढ्यावर पहिली कथा उभी राहते, आणि तिचं अँड्रॉइडवर चालणारं ॲप करून द्यायची सोयही रेनपायमध्येच आहे.