सुटीचे दोन दिवस आणि आहाराचे पथ्य

राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला तो २९ फेब्रुवारी २०२० पासून. तत्पूर्वी महिन्यातील दुसरा व चौथा शनिवार तेवढाच सुटीचा असे. आता सलग दोन दिवस घरी मिळतात आणि त्या बदल्यात दररोजच्या कामाची वेळ वाढलेली आहे. या बदलाचा प्रशासनावर काय परिणाम झाला, हा वेगळा विषय आहे. येथे विचार करावयाचा आहे तो कर्मचाऱ्याच्या ताटाचा. डॉक्टरांनी वजन कमी करण्यास सांगितले आहे आणि सोमवार ते शुक्रवार ते पथ्य निष्ठेने पाळलेही जाते, असे अनेकजण आपल्या परिचयाचे असतात. डब्यात मोजून दोन पोळ्या, बिनसाखरेचा चहा, संध्याकाळी फेरफटका असा त्यांचा क्रम चाललेला असतो. तरीही महिन्याअखेर काटा जागचा हलत नाही. मग दोष प्रकृतीला, वयाला वा अनुवंशिकतेला दिला जातो. खरे उत्तर बहुधा शनिवार-रविवारच्या स्वयंपाकघरात असते.

हिशेब आठवड्याचा

शरीराला दिवसांची नावे ठाऊक नसतात. आलेल्या आणि खर्च झालेल्या उष्मांकांची वजाबाकी तेवढी ते करीत राहते. एक किलो चरबी उतरविण्यासाठी ढोबळमानाने ७,७०० उष्मांकांची तूट पडावी लागते. एखाद्या गृहस्थाने दररोज ५०० उष्मांक कमी केले असे समजू. दोन पोळ्या, चार कप चहातील साखर आणि संध्याकाळची भज्यांची बशी एवढे टाळले की हा आकडा सहज गाठला जातो. पाच दिवसांत २,५०० उष्मांकांची तूट झाली, म्हणजे सुमारे तीनशे ग्रॅम चरबी उतरावी. परंतु शनिवारी व रविवारी त्याने गरजेपेक्षा हजार-हजार उष्मांक अधिक घेतले, तर आठवड्याअखेर शिल्लक उरते अवघ्या ५०० उष्मांकांची, म्हणजे जेमतेम पासष्ट ग्रॅमची. पाच दिवसांच्या संयमाचे चार पंचमांश फळ दोन दिवसांत परत गेले. आणि हजार उष्मांक ही काही राक्षसी भूक नव्हे. एक भरपेट न्याहारी आणि एक आग्रहाचे जेवण एवढ्याने ते सहज भरतात.

हा केवळ कागदावरचा हिशेब नाही. अमेरिकेतील सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की, आहार कमी करून वजन उतरविणाऱ्यांचे वजन आठवड्याच्या कामाच्या दिवसांत घटत असे, आणि सुटीच्या दिवसांत ही घट थांबत असे. त्याच देशात १९९४ पासून वजन उतरवून ते टिकवून धरणाऱ्या व्यक्तींची एक नोंदवही ठेवण्यात येत आहे. तिच्या आधारे २००४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, आठवडाभर एकाच पद्धतीने खाणाऱ्यांचे वजन पुढील वर्षभर सव्वादोन किलोच्या आत स्थिर राहण्याची शक्यता, कामाच्या दिवशी कडक पथ्य व सुटीच्या दिवशी सैल पथ्य अशी पद्धत ठेवणाऱ्यांच्या दीडपट होती. तिकडचे खाद्यपदार्थ निराळे, घरे निराळी. पण सुटीचा स्वभाव सर्वत्र सारखाच दिसतो.

आपल्याकडे या प्रश्नाला अधिक गंभीर बाजू आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील २४ टक्के स्त्रिया व सुमारे २३ टक्के पुरुष प्रमाणापेक्षा अधिक वजनाचे वा स्थूल आढळले. चौथ्या फेरीत हे प्रमाण अनुक्रमे २०.६ व १८.९ टक्के होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यातच भारतीयांची शरीरयष्टी फसवी असते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्या एका ब्रिटिश सहकाऱ्याबरोबर २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतः दोघांचेच उदाहरण मांडले होते. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, दोघांचाही शरीर-वस्तुमान निर्देशांक २२.३. पण ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के होती. म्हणूनच आपल्याकडे हा निर्देशांक २३ च्या वर गेला तरी सावध होण्यास सांगतात, आणि वजनाइतकेच महत्त्व कमरेच्या घेराला देतात. पुरुषांच्या बाबतीत ९० सेंटिमीटर व स्त्रियांच्या बाबतीत ८० सेंटिमीटर ही त्याची मर्यादा मानली जाते.

शनिवारचा उपवास, रविवारचा बेत

महाराष्ट्रात शनिवार हा अनेक घरांत मारुतीचा किंवा शनीचा उपवास असतो. वजन कमी करणाऱ्याला तो वरदान वाटावा. प्रत्यक्षात ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही आपली म्हण शनिवारलाही तितकीच लागू पडते. साबूदाण्याच्या खिचडीचेच पाहा. एका माणसासाठी ७५ ग्रॅम साबूदाणा घेतला तर त्याचे सुमारे २६५ उष्मांक, ३० ग्रॅम दाण्याच्या कुटाचे १७० आणि दोन चमचे तुपाचे ९०. बटाटा न धरताही ही बेरीज सव्वापाचशेच्या घरात जाते. साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी घेतली तर अशा अडीच भाकऱ्यांइतके हे होते. साबूदाण्यात प्रथिने नसल्यातच जमा. जी काही मिळतात ती दाण्याची. शिवाय तो लवकर पचून साखर वाढवितो, त्यामुळे दोन तासांत पुन्हा भूक लागते आणि मग वेफर्स, बटाट्याचा चिवडा, केळी, गोड दूध अशी रांग लागते. ज्यांना श्रद्धेने उपवास करावयाचा आहे त्यांनी तो अवश्य करावा. उपवास सोडावा असे सांगण्याचा येथे उद्देश नाही. भगर व दाण्याची पातळ आमटी, राजगिऱ्याची भाकरी, उकडलेले रताळे, काकडी आणि ताक हे पदार्थही उपवासाला चालतातच. राजगिऱ्यात शंभर ग्रॅममागे तेरा-चौदा ग्रॅम प्रथिने असतात, हे फार थोड्यांना माहीत असते.

रविवारची गोष्ट निराळी. या सुटीलाही इतिहास आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची ही विश्रांती मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी, १८९० साली. आठवडाभर यंत्रापुढे उभे राहणाऱ्या कामगाराने त्या दिवशी पोटभर मटण-भाकरी खावी यात वावगे काहीच नव्हते. त्याच्या श्रमाला ते अन्न लागत होते. दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या आपण मात्र त्याचे श्रम न घेता त्याचा रविवार तेवढा घेतला आहे.

त्या दिवशी सकाळ उशिरा उजाडते. दहा वाजता न्याहारी होते आणि ती बहुधा मिसळ, वडे वा इडली-वड्यांची. मिसळीतील मटकी हा उत्तम पदार्थ. अडचण आहे ती तिच्यावरील फरसाणाची व तर्रीची. पन्नास ग्रॅम फरसाणाचे सुमारे २५० ते २७५ उष्मांक होतात आणि तर्रीतून तीन चमचे तेल पोटात गेले तर त्याचे आणखी १३५. मोड आलेली मटकी, पातळ रस्सा, भरपूर कांदा-लिंबू आणि वर चिमूटभर शेव अशी मिसळ घरी केली तर चव फारशी उणावत नाही. कोल्हापूरच्या व नाशिकच्या वाचकांना हे विधान मान्य होणार नाही, याची प्रस्तुत लेखकाला कल्पना आहे. दुपारचे जेवण दोनच्या पुढे जाते, नंतर झोप, मग चहाबरोबर काहीतरी, आणि रात्री बाहेर जेवण. रोज बसथांब्यापर्यंत वा स्थानकापर्यंत होणारे चालणेही त्या दिवशी होत नाही. म्हणजे जमेच्या बाजूला वाढ आणि खर्चाच्या बाजूला कपात, असे दुहेरी नुकसान होते.

खेड्यात शनिवार-रविवारचे महत्त्व तेवढे नाही. तेथे आठवड्याचा सण म्हणजे बाजाराचा दिवस. भाजीपाला, मीठ-मिरची, बी-बियाणे यांबरोबर गरम भजी, जिलेबी, गोडी शेव, भेळ घेतल्याशिवाय बाजार पुरा होत नाही, आणि मुलांसाठी खाऊचा पुडा तर हवाच. शेतात राबणाऱ्याला एक दिवसाच्या जिलेबीने काही होत नाही. परंतु ट्रॅक्टर, पंप व मोटारसायकल आल्यापासून गावातही अंगमेहनत कमी झालेली अनेक कुटुंबे आहेत. बाजाराच्या दिवशी आवारात फळांच्या, उकडलेल्या शेंगांच्या व ताकाच्या विक्रेत्यांना सोयीच्या जागा देणे हे ग्रामपंचायतीच्या हातचे आहे. त्यासाठी वेगळ्या अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही.

आग्रह

सुटीच्या दिवशी पथ्य मोडण्याचे सर्वांत मोठे कारण भूक नसून माणसे आहेत. पाहुणे येतात, बारसे-साखरपुडे त्याच दिवशी ठरतात. आपल्याकडे यजमानाचे प्रेम वाढप्याच्या हातातून व्यक्त होते. ‘एवढी एक पोळी घ्याच’ याला नकार देणे म्हणजे माणसालाच नकार देणे, असे मानले जाते. ही रीत अन्नाच्या टंचाईच्या काळात अर्थपूर्ण होती. पाहुण्याने संकोच करून उपाशी राहू नये, हा तिचा हेतू होता. आज ज्याला मधुमेह आहे त्याच्या पानात तिसरी पुरणपोळी टाकणे हे आतिथ्य म्हणता येणार नाही. ताटातले पदार्थ सावकाश खावेत, पान रिकामे होऊ देऊ नये, आणि पहिल्याच वाढीला ‘अर्धी’ म्हणावे. जुन्या पिढीतील मिताहारी माणसे हेच करीत आणि कोणाला ते कळतही नसे.

आपल्या पारंपरिक पानाची मांडणीही येथे उपयोगी पडते. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी-आमटी. कालौघात डावी बाजू आक्रसून कोशिंबीर चमचाभर उरली आणि मधला भात-पोळीचा भाग पसरला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत दोन हजार उष्मांकांच्या दिवसभराच्या आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या व १०० ग्रॅम फळे असावीत असे म्हटले आहे. धान्ये २५० ग्रॅम, डाळी वा अंडी-मांस ८५ ग्रॅम, आणि तेल-तूप अवघे २७ ग्रॅम, म्हणजे साडेपाच चमचे. रविवारच्या एका रश्श्यात हा तेलाचा कोटा संपतो. मटणाचा बेत असेल तर तो जरूर करावा, मात्र रश्श्यावर आलेला तेलाचा तवंग पळीने काढून टाकावा, भाकरी एक घ्यावी, शेजारी कांदा-काकडीची मोठी वाटी घ्यावी, आणि त्या दिवशी वेगळे गोड करू नये. दोन बेत एका दिवशी नकोत, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ साधते.

याच्या उलट, रात्री मेजवानी आहे म्हणून दिवसभर उपाशी राहण्याची युक्ती बहुधा अंगलट येते. भुकेने कासावीस झालेला माणूस पंगतीत संयम ठेवू शकत नाही. दुपारी ताक, उसळ, भाजी असे हलके पण पुरेसे जेवून गेलेला माणूस रात्री निवडून खातो. न्याहारी व जेवणाच्या वेळा सुटीच्या दिवशीही रोजच्या वेळेपासून तासाभरापेक्षा अधिक सरकू न देणे हेही तितकेच उपयुक्त आहे. शिक्षकांना शनिवारच्या सकाळच्या शाळेमुळे ही शिस्त आपोआप लाभते. रविवारी तीच वेळ ठेवणे त्यांना अवघड जाऊ नये.

सोमवारचा काटा

सोमवारी सकाळी वजन करणाऱ्यास काटा एखाद-दीड किलो वर गेलेला दिसतो आणि त्याचा धीर सुटतो. ‘आता सगळेच बिघडले’ असे म्हणून तो पथ्य सोडून देतो. येथे थोडी शास्त्रीय माहिती उपयोगी पडेल. पिष्टमय पदार्थांचा जो साठा शरीर यकृतात व स्नायूंत करते, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठविले जाते. फरसाण, लोणची, पापड यांतील मिठामुळेही पाणी धरून ठेवले जाते. दोन दिवसांत एक किलो चरबी वाढण्यासाठी ७,७०० उष्मांक जादा खावे लागतील. सोमवारची वाढ ही बरीचशी पाण्याची असते आणि नेहमीचा आहार सुरू होताच दोन-तीन दिवसांत ती ओसरते. फिनलंडमधील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही वजन रविवार-सोमवारी अधिक व शुक्रवारपर्यंत कमी होत जाणारे आढळले. ज्यांचे वजन दीर्घकाळात उतरले, त्यांच्यात कामाच्या दिवसांतील ही भरपाई विशेष स्पष्ट होती. तेव्हा एका सोमवारची तुलना मागील सोमवारशी करावी, शुक्रवारशी नव्हे. सोमवारी शिक्षा म्हणून उपाशी राहण्याचेही कारण नाही.

मधुमेहावरील गोळ्या वा इन्शुलिन घेणाऱ्यांनी, तसेच गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आहारातील कपात वैद्यकीय सल्ल्यानेच करावी. औषध तेच ठेवून जेवण एकाएकी कमी केल्यास रक्तातील साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. तीस वर्षांवरील व्यक्तींची रक्तदाब व मधुमेहाची प्राथमिक तपासणी आरोग्य उपकेंद्रांत, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांत, विनामूल्य केली जाते. तपासणीला जाताना कमरेचा घेर शिंप्याच्या साध्या फितीने घरीच मोजून, चिठ्ठीवर लिहून न्यावा.