डाख धरेना!

"तुमचे ११ बोर्ड बंद पडलेत," गिऱ्हाइकाचा निरोप आला नि माझ्या तोंडचे पाणी पळाले. सौ.ची मुदतठेव मोडून घरी सुरू केलेल्या धंद्यातले हे पहिलेच काम. हाताने डाख देऊन जोडलेले ५० सर्किट बोर्ड!

भिंगाखाली पाहिले. साऱ्यांचे दुखणे एकच. तांब्याच्या रुंद पट्ट्याला जोडलेल्या पायाशी डाख नुसता गोळा होऊन बसला होता, धरलाच नव्हता. आता गंमत पाहा. जुना कथील-शिशाचा डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळे. पण शिसे पडले विषारी. युरोपने २००६ साली विजेच्या बहुतेक उपकरणांतून ते हद्दपार केले, आणि माझ्या गिऱ्हाइकाचीही तीच अट. बिनशिशाच्या डाखात कथलाबरोबर थोडी चांदी नि तांबे; तो वितळतो सुमारे २१७ अंशांना. म्हणून मी आपला सोल्डरिंग आयर्न तापवीत गेलो. ४०० अंश! राळ जळाली, टोक काळवंडले, डाख ढिम्म.

चूक आकड्यात नव्हती, टोकात होती. नाजूक काम म्हणून मी (शहाणाच!) सुईसारखे टोक निवडले होते. त्यातून उष्णता जाणार किती? तांबे ती पिऊन टाकी. पळीने पिंप भरण्यातलाच प्रकार! पटाशीसारखे रुंद टोक बसवले, ३५० अंशांवर आणले, पाय नि तांबे दोन्हींना एकदम टेकवले, मग डाखाची तार लावली. तीन मोजेपर्यंत डाख पाण्यासारखा पसरला.

अकराही बोर्ड दुरुस्त होऊन गेले. त्या टोकाची किंमत सौ.ने विचारली, तेव्हा मी विषय बदलला. मुदतठेवीच्या मानाने ती लाजिरवाणी थोडी होती.