शाईचा रंग आणि बंगळूरचे ऊन

दुकानातून शाईची दौत विकत घेताना आपण तिचा रंग पाहतो, किंमत पाहतो, आणि फार झाले तर ती झरणीत साकळणार तर नाही ना, एवढी चौकशी करतो. या शाईने लिहिलेले अक्षर वीस वर्षांनी वाचता येईल काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. दौतीवर ‘पर्मनंट’ हा शब्द छापलेला असला म्हणजे बहुतेकांचे समाधान होते. परंतु या शब्दाचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की, ही शाई पाण्याने सहजासहजी धुऊन जात नाही. जी शाई पाण्याला दाद देत नाही ती उन्हालाही दाद देणार नाही, असे मात्र मुळीच नाही.

प्रस्तुत अनुवादकाच्या बंगळूर येथील घरी वडिलांचे एक पत्र काचेच्या चौकटीत बसवून खिडकीसमोरच्या भिंतीवर लावलेले होते. बारा वर्षांनी ती चौकट दुरुस्तीसाठी उघडली, तेव्हा लाकडी पट्टीखाली झाकून राहिलेली ओळींची टोके निळीभोर दिसली. उरलेला मजकूर मात्र पावसाळी आभाळासारखा फिकट झाला होता. सहीच्या जागी तर केवळ टाकाचा ओरखडा उरला होता. शाई तीच, कागद तोच, भिंतही तीच. एका भागावर उजेड पडत होता व दुसऱ्यावर पडत नव्हता, एवढाच काय तो भेद. शाईची प्रकाशात कसोटी कशी घ्यावी हे त्या पट्टीने नकळत दाखवून दिले होते. प्रयोगशाळेतील पद्धतीचे मर्मही याहून निराळे नाही.

शाईचा रंग उडतो म्हणजे नेमके काय होते? निळ्या शाईतील रंजकद्रव्याचे रेणू सूर्यप्रकाशातील पिवळे व नारिंगी किरण शोषून घेतात, म्हणून उरलेला प्रकाश आपल्याला निळा दिसतो. शोषलेली ऊर्जा बहुतेक वेळा उष्णतेच्या रूपाने निघून जाते व रेणू पूर्ववत होतो. परंतु असंख्य वेळांपैकी एखाद्या वेळी तो उत्तेजित रेणू शेजारच्या प्राणवायूशी किंवा ओलाव्याशी संयोग पावतो आणि त्याची रचना मोडते. मोडलेला रेणू कागदावरच असतो. तो आता दृश्य किरण शोषीत नाही, इतकेच. म्हणजे रंग कोठे ‘उडून’ जात नाही, तो जागच्या जागी आंधळा होतो. जंबुपार किरणांत ऊर्जा अधिक असल्यामुळे ही मोडतोड ते अधिक त्वरेने करतात.

येथे हवेचा भाग किती महत्त्वाचा आहे, हे रसेल आणि ॲबनी या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी जलरंगांवरील प्रकाशाच्या परिणामासंबंधी १८८८ साली सादर केलेल्या अहवालात दिसून येते. रंगविलेल्या कागदाच्या पट्ट्या काचेच्या नळ्यांत ठेवून त्यांनी त्या उजेडात मांडल्या. काही नळ्यांत साधी हवा होती, काहींत दमट हवा, तर काहींतील हवा काढून घेतलेली होती. निर्वात नळ्यांतील बहुतेक रंग टिकून राहिले. दमट हवेतील रंगांची अवस्था वाईट झाली. भारतीय संविधानाची हस्तलिखित मूळ प्रत आज संसदेच्या ग्रंथालयात नायट्रोजन वायू भरलेल्या बंद पेटीत ठेवण्यात आली आहे, त्यामागील विचार याच जातीचा आहे. प्रेम बिहारी नारायण रायजादा यांनी टाकाने लिहिलेली ती पाने प्राणवायूपासून दूर ठेवलेली आहेत.

प्रकाश सर्वच शायांना फिकट करतो असेही समजू नये. बंगळूरपासून फार दूर नसलेल्या म्हैसूर शहरात मतदारांच्या बोटाला लावावयाची शाई तयार होते. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ती वापरात आहे. तिच्यातील सिल्व्हर नायट्रेट उजेडात आले म्हणजे त्यातून रुप्याचे सूक्ष्म कण सुटे होतात व डाग उलट काळा पडतो. जो प्रकाश पत्रावरील अक्षर पुसतो, तोच बोटावरची खूण पक्की करतो!

आता झरणीच्या शाईकडे वळू. आपल्या पूर्वजांची शाई काजळाची होती. दिव्याची काजळी डिंकाच्या पाण्यात खलून ती तयार करीत व बोरूने लिहीत. काजळ म्हणजे जवळजवळ शुद्ध कार्बन, आणि उन्हाने मोडेल अशी रंजकाची नाजूक रचना त्यात नसते. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागद वाळवीने खाल्ले, दमटपणाने विटले. अक्षरांचा काळा रंग मात्र बहुधा जसाच्या तसा राहिला आहे. दुर्दैवाने ही शाई झरणीत भरता येत नाही. काजळीचे कण व डिंक मिळून झरणीची अरुंद वाट बुजवून टाकतात. अलीकडे अत्यंत बारीक कणांच्या कार्बनयुक्त शाया झरणीसाठी निघाल्या आहेत; परंतु त्या वापरणाऱ्याने झरणी वरचेवर धुतली पाहिजे.

दुसरा प्रकार लोहयुक्त शाईचा. मायफळातील टॅनिन व हिराकस यांच्या संयोगाने ती बनते. लिहिताना ती फिकी असते, म्हणून अक्षर लगेच दिसावे यासाठी तिच्यात थोडे निळे रंजक घालतात. हवा लागली म्हणजे लोहाचा काळा संयुक्त पदार्थ कागदाच्या तंतूंतच तयार होतो. ‘निळी-काळी’ हे नाव या दोन पायऱ्यांमुळे पडले आहे. मात्र या नावाने विकली जाणारी प्रत्येक शाई आज लोहयुक्त असतेच असे नाही. लोह फार असेल तर आम्लाने पोलादी निब झिजते व कागदही जळतो, म्हणून झरणीच्या शाईत त्याचे प्रमाण बेताचे ठेवावे लागते. फेरो-गॅलो-टॅनेट शाईसाठी असलेल्या भारतीय मानकाच्या शीर्षकातच ते प्रमाण शेकडा ०.१ असे नमूद केलेले आहे. केवळ रंजकांच्या शायांसाठी वेगळे मानक आहे.

हा तिसरा, केवळ रंजकांचा प्रकार सर्वांत देखणा आणि सर्वांत बेभरवशाचा. पर्किनने १८५६ साली पहिले कृत्रिम जांभळे रंजक शोधून काढल्यावर रंगांची लयलूट झाली व शाईच्या दौतींतही इंद्रधनुष्य उतरले. त्यांतील मिथिल व्हायोलेट आणि इओसिन ही दोन रंजके उन्हापुढे फार लवकर हार मानतात. व्हॅन गॉग या चित्रकाराने १८८८ साली काढलेली काही रेखाचित्रे मुळात जांभळ्या शाईची होती. आज ती तपकिरी दिसतात, आणि पाहणाऱ्याला तोच चित्रकाराचा हेतू वाटतो.

शाईची उन्हात परीक्षा घेण्याची कल्पना जुनी आहे. विल्यम लुइस या इंग्रज रसायनज्ञाने १७६३ साली प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या ग्रंथात मायफळ व हिराकस यांची निरनिराळी प्रमाणे घेऊन केलेल्या शायांची हकीकत दिली आहे. त्याने त्या शायांनी लिहिलेले कागद ऊन व हवा यांत ठेवले. समभाग घेतलेली शाई लवकर पिंगट पडली, तर तीन भाग मायफळ व एक भाग हिराकस यांची शाई चांगली टिकली. प्रयोग साधाच, पण उत्तर निःसंदिग्ध.

असा प्रयोग कोणत्याही शाळेला करता येईल. कागद चांगल्या प्रतीचा व सर्व शायांसाठी एकच घ्यावा. वर्तमानपत्राचा कागद स्वतःच पिवळा पडतो व निर्णयात घोटाळा करतो; याच कारणासाठी एक कोरी पट्टीही बाकीच्यांबरोबर उन्हात ठेवावी. प्रत्येक शाईने काही ओळी लिहाव्या व एक ठिपका भरून रंगवावा, कारण दाट थर आणि बारीक रेघ यांचे नशीब सारखे नसते. टीपकागद वापरू नये. लोहयुक्त शाई पूर्ण काळी होण्यास काही दिवस लागतात, तेव्हा पट्ट्या आठवडाभर अंधारात ठेवून मगच प्रयोगास आरंभ करावा. नंतर प्रत्येक पट्टीचा अर्धा भाग जाड काळ्या पुठ्ठ्याने घट्ट झाकावा, वर थोडे अंतर सोडून साधी खिडकीची काच ठेवावी, आणि हवा खेळती राहील असे पाहावे. काच ठेवण्याचे कारण असे की, आपले कागदपत्र घरात असतात व त्यांच्यापर्यंत पोहोचणारा उजेड काचेतूनच येतो. सर्वांत प्रखर जंबुपार किरण काच अडवून धरते.

पट्टी कोणत्या दिशेला तोंड करून ठेवावी? इंग्रजी पुस्तकांत ‘दक्षिणेकडील खिडकीत ठेवा’ अशी सरळ सूचना आढळते. तिचे शब्दशः भाषांतर केले तर वाचकाची फसगत होईल. लंडनमध्ये माध्यान्हीचा सूर्य बाराही महिने दक्षिणेस असतो. बंगळूर सुमारे १३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे २४ एप्रिलच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, मग उत्तरेकडे सरकतो व १८ ऑगस्टच्या सुमारास पुन्हा डोक्यावरून दक्षिणेस परततो. या अवधीत दक्षिणेच्या खिडकीत दुपारचे ऊन शिरतच नाही! पुण्याकडे हा शून्य सावलीचा दिवस मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस येतो. म्हणून प्रमाणित पद्धतीत खिडकी नाही, फळी सांगितली आहे. ती दक्षिणाभिमुख असावी व जमिनीशी तिचा कोन त्या स्थळाच्या अक्षांशाइतका असावा. बंगळुरात ही फळी जवळजवळ आडवीच ठेवावी लागते. गच्चीवरच्या पापडांच्या खाटेहून तिचा उतार फारसा अधिक नसतो.

एवढे करूनही एक अडचण उरते. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने तेथील ऊन जंबुपार किरणांनी अधिक संपन्न आहे. परंतु एप्रिलचे कोरडे ऊन आणि जुलैचा ढगाळ दमट उजेड यांची तुलना कशी करावी? ‘अमुक शाई दहा दिवसांत फिकी पडली’ या वाक्याला म्हणूनच काही किंमत नाही. कोणते दहा दिवस, हे आधी सांगावे लागेल. वस्त्रांच्या रंगांची परीक्षा घेणाऱ्यांनी यावर मोठी नामी तोड काढली. निरनिराळ्या निळ्या रंजकांनी रंगविलेल्या लोकरीच्या आठ पट्ट्यांचा एक संच असतो. पहिली पट्टी सर्वांत कच्ची, आठवी सर्वांत पक्की, आणि प्रत्येक पट्टी फिकी होण्यास आधीच्या पट्टीच्या सुमारे दुप्पट प्रकाश लागतो. या हिशेबाने आठवी पहिलीच्या जवळजवळ सव्वाशे पट टिकाऊ ठरते. शाईच्या पट्ट्यांशेजारी हा संच मांडला म्हणजे घड्याळ व पंचांग दोन्ही बाजूस ठेवता येतात. शाई तिसऱ्या पट्टीबरोबर फिकी झाली, तर तिची इयत्ता तिसरी. मग प्रयोग बंगळूरचा असो की नागपूरचा. संच न मिळाल्यास शाळेने एखादी ओळखीची निळी शाई प्रत्येक वेळी सोबत ठेवावी आणि तिच्याशी तुलना करावी.

अनुवादकाने मागील मार्चमध्ये घरातील पाच दौती घेऊन गच्चीवर हा उद्योग करून पाहिला. जांभळी शाई सर्वांत आधी गेली. पहिल्या आठवड्यातच झाकलेला व उघडा भाग यांच्यामध्ये रेघ ओढल्यासारखी सीमा उमटली. गुलाबी तिच्या पाठोपाठ. शाळकरी निळी महिनाभरात दुधात कालवल्यासारखी झाली. हिरवीने मात्र चकित केले. ती निळीपेक्षा बरीच टिकली. यावरून सर्व हिरव्या शाया टिकाऊ असतात असा निष्कर्ष कोणी काढू नये, कारण टिकाऊपणा रंगाच्या नावात नसून आतील रंजकात असतो, आणि ते दौतीवर छापलेले नसते. लोहयुक्त शाईतील निळी झाक लवकरच नाहीशी झाली, पण खालचे राखी-काळे अक्षर मेअखेर सहज वाचता येत होते. तुलनेसाठी बोरूने लिहिलेली काजळाची ओळ काडीइतकीही बदलली नाही.

घरातील भिंतीवर इतके प्रखर ऊन नसते, मग काळजी कशाला, असे कोणी म्हणेल. एक साधा गुणाकार करून पाहावा. नाजूक कागदपत्रांवर ५० लक्सहून अधिक उजेड पडू नये, असा संग्रहालयांचा प्रघात आहे. रोज आठ तास, वर्षाचे ३६५ दिवस असा उजेड पडला तर एकूण १,४६,००० लक्स-तास होतात. मोकळ्या आकाशाखाली दुपारचे ऊन सुमारे एक लाख लक्स असते. म्हणजे संग्रहालयातील मंद दालनाचे अख्खे वर्ष गच्चीवरच्या दीड तासात सामावते. उन्हातील जंबुपार किरणांचा हिशेब यात धरलेलाच नाही. खिडकीसमोरच्या भिंतीवर ५० लक्स नव्हे, त्याच्या कितीतरी पट उजेड दिवसभर असतो. प्रकाशाची ही उधारी थोडी थोडी साठत जाते आणि अंधारात ठेवल्याने मागचे खाते कमी होत नाही; फक्त पुढची भर थांबते.

त्या पत्राची उरलेली अक्षरे तिरप्या उजेडात भिंगाने वाचून काढावी लागली. सही वगळता मजकूर जुळला. तो निळ्या-काळ्या लोहयुक्त शाईने दुसऱ्या कागदावर उतरवून घेतला आहे. मूळ पत्र कपाटातील पुठ्ठ्याच्या पेटीत आहे, आणि भिंतीवरच्या चौकटीत आता त्याची छायाप्रत बसविली आहे.