नाचणीनं लढवलेला गड

पन्हाळ्याला गेल्यावर पहिलं काम काय? भाजलेलं कणीस घेणं! मी तर तेच करते. तिखटमीठ चोळलेलं कणीस खात खात अंबारखान्यापाशी यायचं. तिथे घरांपेक्षाही मोठ्या दगडी कोठ्या आहेत: गंगा, जमुना, सरस्वती. नावांवरून पाण्याच्या टाक्या वाटतात ना? पण ही गडाची धान्याची कोठारं! गंगा कोठीला बाहेरून पायऱ्या आहेत. पोतं घेऊन वर चढायचं आणि छपरातल्या भोकांतून धान्य आत ओतायचं.

आता गंमत ऐका. धान्य जिवंत असतं! पेरलं की उगवतं, मग मेलेलं कसं असेल? कोठीत पडल्या पडल्याही दाणा हळूहळू श्वास घेतो. तो ओलसर असला तर जास्तच भराभर. त्या श्वासातून ऊब आणि आणखी ओल सुटते. झालं, बुरशी आणि किडे पंगतीला हजर!

पन्हाळ्याचा पाऊस पाहिलाय? ढग थेट घरात शिरतात, पापड वातड होतात. अशा जागी धान्य सांभाळायचं म्हणून या जाडजूड भिंती. त्या दुपारी चटकन तापत नाहीत, रात्री चटकन निवत नाहीत. आत वरी, भात आणि नागली, म्हणजे आपली नाचणी. मोहरीएवढा तिचा दाणा, पण भलताच चिवट! कोरडी ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते, कीडही फारशी लागत नाही.

१६६० मध्ये आदिलशाही सरदार सिद्दी जौहरच्या वेढ्यात शिवाजी महाराज इथे सुमारे चार महिने अडकले होते. गडावर रोज हजारोंची पंगत! महाराज निसटले तेव्हा खिंड लढवणाऱ्या बाजीप्रभूंची गोष्ट आपल्याला पाठ असते, भाकऱ्या थापणाऱ्यांची कुणी सांगतच नाही.

आणि पाणी? गडाचा माथा जांभ्या दगडाचा, भोकाभोकांचा. तो पाऊस पितो. खालचा काळा बेसाल्ट मात्र पाणी सहज आत घेत नाही, म्हणून ते मध्ये साठतं, झऱ्यांतून बाहेर येतं. शत्रूनं पाण्यात विष कालवू नये म्हणून अंधारबाव ही विहीर तर चक्क इमारतीच्या पोटात दडवली आहे. तीन मजली! तळाशी पाणी, वर पहारेकरी.

महाराणी ताराबाईंच्या वाड्यात पुढे शाळा भरली, राजवाड्यात पाढे! तेही बघा. मी मात्र अंधारबावेच्या पायऱ्यांवर गारव्यात बसते. तोवर कणीस संपतं, मग वर येऊन दुसरं घेते.