बोनस शेअर म्हणजे फुकटचा पैसा नव्हे

चांदीची एक किलोची वीट कापून शंभर ग्रॅमचे दहा तुकडे केले, तर चांदी वाढत नाही. चांदीच्या बाजारासाठी नाव असलेल्या आपल्या खामगावात हे कुणाला सांगावे लागत नाही. पण मोबाईलवर 'बोनस' हा शब्द दिसला, की आपल्याच तरुणांना या साध्या हिशेबाचा विसर पडतो.

बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला आल्यावर बाबासाहेबांनी शेअरबाबत सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके थांबली. विषय आपल्याला परका नव्हता, दार बंद होते. आज डिमॅट खाते घरबसल्या निघते, म्हणून हिशेबही आपल्याला आला पाहिजे.

स्प्लिट म्हणजे शेअरचे विभाजन. १० रुपये दर्शनी मूल्याचा एक शेअर २ रुपयांचे पाच शेअर होतो आणि बाजारभावही त्याच प्रमाणात उतरतो. बोनसमध्ये दर्शनी मूल्य तेच राहते. कंपनी आपल्या राखीव निधीतली रक्कम भागभांडवलात वळवते आणि त्याचे शेअर भागधारकांना देते. तो निधी आधीही भागधारकांचाच होता. कंपनीतला आपला वाटा दोन्हीकडे तेवढाच राहतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये एचडीएफसी बँकेने एकास एक बोनस दिला. नोंद तारीख होती २७ ऑगस्ट. २५ तारखेला १,९६० रुपयांच्या आसपास असलेला भाव २६ ला हजाराच्या आत दिसू लागला. बोनसचे शेअर खात्यात यायला थोडे दिवस लागतात, तोवर ॲप निम्मे नुकसान दाखवते. अशा वेळी घाबरून विकू नये. कुणी विकलेच, तरी हक्काचे बोनस शेअर मागाहून जमा होतात. त्यामुळे पैसे बुडाले असे समजण्याचे कारण नाही.

मग अमळनेरचे लोक विप्रोमुळे श्रीमंत कसे झाले, असे तरुण विचारतात. प्रश्न रास्त आहे. १९४५ साली तिथे वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून ही कंपनी सुरू झाली आणि गावातल्या अनेकांनी तिचे शेअर घेतले. नुसते १९९९ पासून धरले, तरी एका शेअरचे विभाजनात पाच झाले. पुढे २००४, २००५, २०१०, २०१७, २०१९ आणि २०२४ च्या बोनसनंतर तो आकडा २६६ वर गेला. पण पैसा झाला तो तुपावरून संगणकाकडे वळलेल्या कंपनीचा नफा वाढला म्हणून, आणि लोकांनी कागद जपले म्हणून. नफा वाढला नसता, तर २६६ तुकडे मिळूनही किंमत एकाचीच राहिली असती.

बोनसच्या बातमीवर धावत जाऊन खरेदी करणाऱ्याला बहुतेकदा चढा भाव मोजावा लागतो. नोंद तारखेच्याच दिवशी घेतले तर बोनसही मिळत नाही, कारण शेअर एक दिवस उशिरा खात्यात येतात. लाभांशाच्या टक्क्यांनीही फसू नये. दर्शनी मूल्य १ रुपया असेल, तर २०० टक्के म्हणजे फक्त २ रुपये.

कराचा नियम वेगळा आहे. बोनस शेअरची खरेदी किंमत शून्य धरतात आणि मुदत तो मिळाल्या दिवसापासून मोजतात. त्यामुळे वर्षाच्या आत विकला, तर जवळजवळ सगळ्या रकमेवर २० टक्के कर लागू शकतो. विभाजनात मात्र मूळ खरेदीचीच तारीख चालते.

घरात आजोबांच्या नावाचे जुने कागदी शेअर असतील तर ते आधी शोधा. सलग सात वर्षे लाभांश घेतला नाही, तर बोनससकट शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. वारसाला अर्ज करून ते परत मिळवता येतात.