आगाखान महाल आणि साताऱ्याचे भूमिगत

पुण्याचा आगाखान महाल १८९२ साली बांधला गेला, तो दुष्काळपीडितांना काम मिळावे म्हणून. ऑगस्ट १९४२ मध्ये त्याच्याभोवती काटेरी तार पडली व महात्माजी आत बंदिवान झाले. महाल असला तरी कैद ती कैदच! महादेवभाई देसाई सहाव्या दिवशीच निवर्तले, कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी. दोघांच्याही समाध्या आवारातच आहेत.

इकडे सातारा-सांगलीच्या मुलखात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालू होते. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील सहकाऱ्यांसह सांगलीचा तुरुंग फोडून निसटले. ६ मे १९४४ ला सुटल्यावर महात्माजींनी भूमिगतांस प्रकट होण्याचा सल्ला दिला. साताऱ्यातील बहुतेकांना तो रुचला नाही. खुद्द नाना पाटील १९४६ पर्यंत अज्ञातवासातच राहिले.

महाल १९६९ साली आगाखानांनी राष्ट्राला अर्पण केला. बंदिवासाच्या खोल्या आता संग्रहालय झाल्या आहेत.